दादाच्या वजनातला कडता

माझ्या थोरल्या भावाचं वजन माणसांच्या काट्यावर मावलं नाही, म्हणून आम्ही ते गुळाच्या काट्यावर केलं. एवढं ऐकलं की लोक हसतात, आणि हसण्यासारखंच आहे ते. पण त्या काट्यावर माझ्या हातून एक चूक झाली आणि कळल्यावरही मी ती दुरुस्त केली नाही. तेहतीस वर्षं गप्प राहिलो. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे माझ्या गप्प राहण्याचा कुणाला संशय येत नाही, हा एक फायदाच झाला.

एकाहत्तर साल होतं. मी एकवीस वर्षांचा, श्रीरामपूरच्या बाजारात गुळाच्या आडतीवर मापाडी होतो. शेतकऱ्यांच्या गुळाच्या ढेपा काट्यावर चढवायच्या आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे मापाड्याचं काम. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं ते त्यानंच. आमचं गाव बाजारापासून चार कोसांवर, पाटाच्या कडेला. भंडारदऱ्याचं पाणी यायचं, त्यामुळे ऊस होता, आणि दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चालायचं.

त्या गुऱ्हाळाचा दादा गुळव्या होता. रस उकळून पाक कधी झाला आणि काहील चुलाणावरून नेमकी केव्हा उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. पळीभर पाक थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि पत्र्याच्या डब्यावर आपटायची. टण्ण वाजली की उतरवा. इथपर्यंत सगळे गुळवे सारखे. पण ती गोळी फेकायची नसते, असं दादाचं म्हणणं, त्यामुळे ती तोंडात जायची. एका काहिलीला पाच-सहा गोळ्या, दिवसाला चार-पाच काहिली. शिवाय गुऱ्हाळावर येईल त्याला पोटभर रस आणि गरम गूळ द्यायचा आमच्याकडे रिवाज. पाहुण्याला एकट्यानं खायला लावणं बरं दिसत नाही म्हणून दादाही त्याच्यासोबत बसायचा. पाहुणे दिवसाला दहा यायचे.

पस्तिशीत त्याची ही गत झाली होती की बैलगाडीत तो मागं बसला की गाडी उलाळ व्हायची, म्हणजे मागं भार होऊन जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जायचं. त्याला पुढंच बसावं लागे. यष्टीनं जाणं त्यानं सोडून दिलं होतं, कारण दोन माणसांच्या बाकावर तो एकटा बसला की उभे राहिलेले लोक काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. लग्नाच्या पंगतीत मांडी घालता येईना, म्हणून तो वाढप्यांत उभा राहायचा. "मी मागून खातो," म्हणायचा. आणि मागून खायचाही.

पण लठ्ठपणापेक्षा वाईट होती ती झोप. बोलता बोलता, वाक्य अर्धं तोंडात असताना त्याचा डोळा लागायचा. घोरायचा, मध्येच श्वास अडकायचा, दचकून जागा व्हायचा आणि वाक्य पुढं सुरू करायचा. आम्हाला त्याची मजा वाटायची. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मजा संपली. दुपारची वेळ, काहील रटरटत होती. वहिनी जेवण घेऊन गुऱ्हाळावर गेल्या तर दादा हातात लांब फावडं धरून उभ्या उभ्या झोपलेला आणि काहिलीवर हळूहळू वाकत चाललेला. वहिनींनी भाकरी टाकली आणि मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. पण त्या मिठीत दादा मावणार कसा. त्याच्याबरोबर त्याही पुढं सरकायला लागल्या. चुलाणात जाळ घालणारा गडी धावला, दोघांनी मिळून ओढला, तिघंही पाचटावर पडले. फावडं काहिलीत गेलं. दादानं डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल तर, "पाक लागला का गं?"

"तुमी लागला असता पाकात," वहिनी म्हणाल्या, आणि मग रडल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गावापासून जवळच्या एका मिशनच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर आमच्याच भागातले, परदेशात दोन वर्षं शिकून आलेले. त्यांनी दादाला काट्यावर उभं केलं. काटा एकशेवीसपर्यंतच होता. तिथं जाऊन सुई टेकली आणि थरथरत राहिली.

"पुढचं कुठं मोजायचं?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी खूप वेळ दिला आम्हाला. चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीनं पोट काढलं, आतडं काढलं. म्हणाले, इतक्या वजनाला परदेशात आता ऑपरेशनं करायला लागलेत. एकात पोटच लहान करतात, आवळ्याएवढं ठेवतात. "पण ते तिकडेही मोजकेच सर्जन करतात. इकडे कुणी करत असल्याचं मला ठाऊक नाही." दुसरा एक उपाय म्हणजे वरच्या-खालच्या दातांना तार बांधून जबडा सहा महिने बंद करायचा, आणि नळीनं पातळ प्यायचं.

"मळणीला बैलाला बांधत्यात तसं मुसकं," वहिनी म्हणाल्या.

"पातळ चालंल म्हनता ना?" दादानं विचारलं. "काकवी पातळच असती."

डॉक्टर हसले. "म्हणून तर ते तुमच्या कामाचं नाही."

राहिलं तिसरं. आतडं वीस-बावीस फूट लांब असतं. त्याचा वरचा फूटभर तुकडा आणि अगदी शेवटचा तुकडा एवढेच एकमेकांना जोडायचे. अन्न जातं, पण अंगी लागत नाही.

दादानं चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "म्हंजी पाट वरच फोडायचा आन एकदम टेलला, पार शेवटाला, जोडायचा. मधलं समदं रान कोरडं."

"अगदी तसंच."

"आन त्या रानाचं काय?"

"ते पोटातच राहतं. नुसतं."

"पडीक," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दिवसातून सात-आठ वेळा परसाकडे जावं लागेल, कदाचित जन्मभर. मुंबईत त्यांचे एक वर्गमित्र सर्जन होते, त्यांनी हे दोघांवर केलं होतं. मी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला. ते दोघं कसे आहेत?

"एक चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याचं लिव्हर सुजलं. पुन्हा पोट उघडून आतडं पहिल्यासारखं जोडावं लागलं. अजून अंथरुणात आहे."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा मात्र म्हणाला, "करून टाका. रोज रोज दचकून उठण्यापरीस एकदाच काय ते कापा. मुंबई बी बघून व्हईल."

"आधी खाण्यावर बघू," डॉक्टर म्हणाले. "गूळ बंद, काकवी बंद, भाकरी निम्मी, रोज चालायचं. पाडव्यापर्यंत दहा किलो उतरले तर तुमचं तुम्हाला जमतंय असं मी धरीन आणि मुंबईचं नाव काढणार नाही. नाही उतरले तर पत्र लिहीन."

"लिवाल ना पण? न्हाई तर म्हनाल अजून चार म्हैने बघू."

"लिहीन. शब्द आहे."

म्हणजे सगळं दहा किलोंवर ठरणार होतं, आणि ते मोजायला दवाखान्यात काटा नव्हता. मीच म्हणालो, आमच्या आडतीवर ढेपांचा काटा आहे, तीनशे किलोपर्यंतचा. डॉक्टरांनी कंपाउंडर सोबत दिला. भरदुपारी बाजार रिकामा असताना आमच्या थोरल्या मापाड्यानं दादाला तोललं. हा म्हातारा फार काटेकोर. चष्मा पुसून, दांडीवरचं वजन पुढं-मागं करून त्यानं सांगितलं, "एकशे त्रेसष्ट." कंपाउंडरनं लिहून घेतलं. पाडव्याला एकशे त्रेपन्न व्हायला हवे.

पुढची वजनं दर आठवड्याला मी करून कागदावर लिहायची, असं ठरलं. सोय आयती होती. दर मंगळवारी दादा गाडीतून ढेपा घेऊन बाजारात यायचाच. ढेपा संपल्या की त्याच काट्यावर तो चढायचा. हमालांना तर करमणूकच झाली.

"ओ गुळवे, ढेपा कमी पडल्या म्हून सवता आलात व्हय?"

"ह्या ढेपेचा सौदा कोण करणार? रंग बराय, पर माल जरा मऊ हाय."

दादाही काट्यावर हात जोडून उभा राहायचा. "घ्या बोली. बारदान सोडून घ्या पण, धोतर माजं हाय."

आता माझी चूक सांगतो. आमच्या आडतीवर ढेपा चार-चार चढवायच्या. ढेपेला गुंडाळलेलं तरटाचं कापड आणि गुळातला ओलावा, यापायी ढेपेमागं एक किलो सोडायचा, म्हणजे एका तोलाला चार. या सुटीला कडता म्हणतात. काट्यावर दिसलेलं वजन कधी पुकारायचं नाही, कडता कापून पुकारायचं. हंगामात दिवसाला दोन-तीनशे तोल व्हायचे. शिकाऊ असताना मी मनात वजाबाकी करायचो, पुढं पुढं ती करावी लागेना. डोळ्यांना एक आकडा दिसायचा आणि तोंडातून चारनं कमी निघायचा. जीभच शिकली होती.

पहिल्या वजनानंतरच्या मंगळवारी दादाच्या ढेपा झाल्या, त्याच दमात तो चढला. मी पुकारलं, "एकशे अठ्ठावन्न." कागदावर तेच लिहिलं.

आठवड्यात पाच किलो. दादा काट्यावरून उतरलाच नाही. "पुन्यांदा बघ," म्हणाला. मी पुन्हा पाहिलं, पुन्हा अठ्ठावन्न पुकारलं. मला स्वतःला इतका आनंद झाला होता की दांडीकडे नीट बघायचं सुचलं नाही. हमालांनी टाळ्या वाजवल्या. घरी वहिनींनी देवाला नारळ फोडला आणि खोबरं दादाला न देता शेजारी वाटलं.

त्या पाच किलोंनी दादा पार बदलला. त्याआधी तो पथ्य करायचा, पण तोंड पाडून. आता त्याला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. पाकाची गोळी तो वाजवून वहिनींच्या हातावर ठेवायचा. "तू खा, मला चालत न्हाई," असं काही थाटात म्हणायचा की जणू जन्मापासून चालत नव्हतं. वहिनी दिवसभर गुऱ्हाळावर त्याच्याजवळ थांबायच्या, एक त्याच्या खाण्यावर लक्ष ठेवायला आणि दुसरं त्याच्याशी सतत बोलत राहायला, म्हणजे त्याला झोप लागू नये. आधी गावातल्या बातम्या संपल्या, मग माहेरच्या. शेवटी त्या त्याला नुसतं भांडण उकरून काढून जागं ठेवायच्या. गोळ्या खाऊन मात्र त्यांचं अंग भरलं. "आता मलाच चढवा काट्यावर," म्हणायच्या.

आणि तो चालायला लागला. मंगळवारी पाटाच्या पुलापाशी गाडीतून उतरायचा आणि उरलेलं कोसभर गाडीमागं चालत यायचा. दोनदा बसायचा वाटेत, पण यायचा. "आठवड्यात पाच गेलं म्हंजी आंगात दम हाय माज्या," असं सगळ्यांना सांगायचा.

चौथ्या वजनानंतर मला कळलं. दादाला एकशे सत्तावन्न पुकारून झालं होतं, तो गाडीत बसून गेलाही होता. पाथर्डीकडचा एक हमाल, आमच्यातला सगळ्यात काटकुळा, गमतीनं काट्यावर उडी मारून उभा राहिला. "माजं बी करा की, मालक."

"अठ्ठावन्न," मी पुकारलं.

तो खाली वाकून दांडीकडे बघायला लागला. त्याला आकडे वाचता यायचे. "हितं तर बासष्ट हाय. चार किलो कुठं गेलं? मला काय ओला गूळ समजला काय तुमी?"

सगळे हसले. मीही तोंड हसरं केलं. त्याच क्षणी मला समजलं होतं. दादा एकशे सत्तावन्न नव्हता, एकशे एकसष्ट होता. महिन्याभरात त्याचे दोन किलो उतरले होते. बाकीचे चार माझ्या जिभेनं उतरवले होते.

तिथून दवाखाना सायकलनं पाऊण तास. मी जाऊन सांगू शकत होतो. कागदावर खाडाखोड केली असती तरी झालं असतं. मी यातलं काही केलं नाही. पुढच्या मंगळवारी दादा चढला तेव्हा मी पहिल्यांदा वजाबाकी जाणूनबुजून केली. तेव्हापासून पाडव्यापर्यंत दर आठवड्याला केली.

का केली, याचं उत्तर मी स्वतःला बरीच वर्षं एकच देत आलो, की मला त्या ऑपरेशनची भीती वाटत होती. ती वाटत होतीच. त्या दुसऱ्या माणसाचं लिव्हर माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं, आणि दादाशिवाय मला कोण होतं. पण ते पूर्ण खरं नाही. चूक माझी होती, ती थोरल्या मापाड्यापुढं कबूल करायची मला लाज वाटत होती. आणि घरात इतका आनंद चालला होता की तो मोडायला माझं तोंड उघडेना. भीती, लाज आणि भिडस्तपणा यांत कुणाचा वाटा किती होता, ते आज सांगता येणार नाही.

संक्रांतीला डॉक्टरांनी बोलावलं. कागद पाहून खूश झाले. मग त्यांनी कंबर मोजायला टेप काढली. एक टेप पुरत नव्हती, म्हणून पहिल्या भेटीसारख्याच दोन टेपा टाचणीनं जोडल्या. कंबर जवळजवळ होती तेवढीच भरली. डॉक्टरांनी पुन्हा मोजली. मग माझ्याकडे पाहिलं.

"काटा बरोबर आहे ना तुमचा?"

"सरकारी शिक्का आहे, साहेब," मी म्हणालो.

यातला शब्द न् शब्द खरा होता. काटा अगदी बरोबर होता. आयुष्यात मी यापेक्षा मोठं खोटं बोललेलो नाही.

"कमरेचं मागून उतरतं कधी कधी," डॉक्टर स्वतःची समजूत घालत म्हणाले. दादा बाजूला छाती काढून उभा होता, आणि पोटाच्या मानानं त्याची छाती फारशी पुढं येत नव्हती.

पाडव्याच्या आदल्या मंगळवारी काटा एकशे सत्तावन्नवर थांबला. मी पुकारलं, "एकशे त्रेपन्न." दहा पुरे झाले. हमालांनी दादाला उचलायचा बेत केला, चौघांनी हात घातले आणि मग नुसतीच पाठ थोपटली. कागद घेऊन दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी दादाशी हात मिळवला. "पत्र लिहायची वेळ तुम्ही माझ्यावर येऊ दिली नाही," म्हणाले.

परत येताना गाडीत दादा म्हणाला, "मुंबई र्‍हायली."

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. पाटाला पाणी आलं नाही, ऊस वाळला, गुऱ्हाळ दोन हंगाम बंद राहिलं. दादा रस्त्याच्या कामावर जायचा, लोकांबरोबर खडी फोडायचा. पुन्हा बाजार भरला तेव्हा थोरल्या मापाड्यानं त्याला तोललं तर तो एकशे चाळीसच्या आत होता. ते वजन चष्मा पुसून केलेलं होतं, त्यात माझा हात नव्हता. झोप कमी झाली, दचकणं कमी झालं. तो कधी बारीक झाला नाही, पण जगला. अजून आहे.

काही वर्षांनी ते डॉक्टर एका लग्नात भेटले. म्हणाले, "ते आतडं जोडण्याचं ऑपरेशन आता बंद पडत चाललंय. पुष्कळांची लिव्हर गेली. मी पत्र लिहिलं असतं तर आज झोप लागली नसती मला. तुमच्या भावाच्या जिद्दीनं मला वाचवलं." मी मान हलवली. माझ्या मनासारखं झालं होतं, माझं बरोबर ठरलं होतं, आणि तरी मला हलकं वाटलं नाही. कारण एकाहत्तर साली हे मला माहीत नव्हतं. मी दैवानं बरोबर ठरलो होतो.

तिथंच सगळं राहिलं असतं. पण दादाचा मुलगा त्याच्याच अंगानं गेला. साखर कारखान्यात नोकरी, दिवसभर खुर्ची, तिशी ओलांडता ओलांडता एकशे पन्नास. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, पोट लहान करून देतो. पोटाला चार भोकं पाडायची, आत कॅमेरा घालायचा, तीन-चार दिवसांत घरी. त्याला करायचं होतं, दादा करू देईना.

"कशाला पोट कापून घेतो? मी न्हाई उतरवलं? चार म्हैन्यात धा किलो. गुळात उभा र्‍हाऊन गूळ सोडला मी. मनाचा जोर पायजे." रोज जेवताना हेच. पोरगा ताटावरून उठायला लागला. एकदा मला म्हणाला, "काका, बाबांना जमलं ते मला जमत नाही. माझ्यातच खोट आहे."

तो हे म्हणाला, त्याच्या दुसऱ्या रविवारी मी गावी गेलो. दादा ओट्यावर बसला होता, वहिनी मेथी निवडत होत्या, पुतण्या पेपर वाचत होता.

"दादा," मी म्हणालो, "दहा नव्हते. सहा होते."

"काय सहा?"

मी सांगितलं. कडता, काटकुळा हमाल, टेप, सरकारी शिक्का, सगळं. इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. वहिनींच्या हातातली मेथी हातातच राहिली.

"म्हंजी त्या पाडव्याला मी एकशे सत्तावन हुतो," दादा म्हणाला.

"हो."

"आन डॉक्टर पत्र लिवणार हुते."

"हो."

"आन तू गप बसला."

"हो."

"तुला कुनी सांगितलं हुतं माज्या वतीनं ठरवायला?"

"कुणी नाही."

दादानं ओट्यावरून पाय खाली सोडले. मग म्हणाला, "जल्मात एक काम मनाच्या जोरावर केलं हुतं मी. त्यातलं बी चार किलो तुजं निघालं." आणि उठून आत गेला.

वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, मला तरी सांगायचं." मग मेथीच्या काड्या गोळा करता करता म्हणाल्या, "सांगितलं असतं तर मी बी गपच बसले असते म्हना."

आठ-दहा दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. फोन घ्यायचा आणि वहिनींकडे द्यायचा. मग एके सकाळी पुतण्याचा फोन आला. "काका, ऑपरेशन ठरलं. बाबा येतायत बरोबर. तुम्हालाही आणायला सांगितलंय."

पुण्याच्या त्या दवाखान्यात दादा लिफ्टमध्ये चढला तेव्हा आत आधीपासून उभे असलेले दोघं आपणहून उतरले. पुतण्याच्या डॉक्टरीणबाई तिशीतल्या असतील. दादानं त्यांना आधी एकाहत्तर सालचा पाट आणि टेल समजावून सांगितला, मग माझी ओळख करून दिली.

"ह्यो माजा धाकला. ह्यानं माजं चार किलो कमी केलं हुतं. टाका न्हाई, भूल न्हाई, रक्ताचा थेंब न्हाई."

बाईंना काही कळलं नाही. त्या हसल्या आणि संमतीचा कागद पुढं केला. पुतण्यानं पेन घेतलं, आणि सवयीनं एकदा बापाकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बघतो?" दादा म्हणाला. "पोट तुजं. वाच, काय इचारायचं ते बाईंना इचार, आन मग तुजं तू ठरव. माजं मला ठरवू दिलं न्हाई कुनी." मग बाईंकडे वळून म्हणाला, "एवढं करा बाई, ह्या कागदाला माज्या भावाचा हात लागू दिऊ नका."

मी हात मागं घेतले. पुतण्यानं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. त्याला आत नेल्यावर दादा बाकावरून उठला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाला, "चल, कँटीन कुठंय बघू. सकाळपास्नं पोटात काय न्हाई."